हवेचा महाल आणि जिन्याखालचे पाटे

मोरूने विचारलं होतं एवढंच, "बाबा, या वेळी मुलं थांबतील ना?"

साध्या प्रश्नाला साधं उत्तर देऊन मोकळं व्हावं, हे परशुराम साटमांच्या स्वभावात नव्हतं. साटम डोंबिवली पूर्वेला मधुमालती सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत. मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या एका कारखान्यात ते सुरक्षा विभागात होते आणि संध्याकाळी घरी येताना तो विभाग बरोबर घेऊन येत. त्यांच्या घरातल्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंजचे तुकडे चिकटवलेले होते. स्वयंपाकघरात आगीसाठी म्हणून वाळूने भरलेली लाल बादली होती, तिचा उपयोग आजवर फक्त शेजारच्या मांजराने केला होता.

गेल्या संक्रांतीला मोरूचं बोरनहाण होतं तेव्हा खोली मुलांनी भरली होती. मोरू हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलेला. आता त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि मुलांनी त्यावर तुटून पडायचं, एवढाच काय तो कार्यक्रम. पण ओतण्याआधी साटमांनी बोराची बी श्वासनलिकेत अडकली तर काय होतं, यावर असं काही मार्गदर्शन केलं की आधी एक मुलगी रडली, मग सगळी रडली आणि आया आपापली पोरं उचलून चालत्या झाल्या. चुरमुऱ्यांच्या राशीत मोरू एकटाच उरला. आई त्याच्या हातावर बोरं ठेवत होती आणि तो दाराकडे बघत होता.

आता मोरूला पाचवं लागलं होतं. पाचव्या वर्षानंतर बोरनहाण करत नाहीत, म्हणजे हे शेवटचं. तुळसाने तीळ भाजता भाजता नवऱ्याकडे नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा कढईत पाहिलं. ती दोन शब्द बोलली असती तर साटमांना बरं वाटलं असतं.

"थांबतील म्हणजे काय?" साटम तावातावाने म्हणाले. "घरी जा म्हटलं तरी जाणार नाहीत! आपण महाल आणू!"

महाल म्हणजे हवेचा महाल. पंच्याण्णव सालची ही गोष्ट. तेव्हा तो प्रकार आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नव्हता. कल्याणच्या एका जत्रेत लाल-पिवळ्या रबरी कापडाचा, चार बुरुजांचा तो महाल मोरूने पाहिला होता आणि त्यात उड्या मारणाऱ्या मुलांकडे बघत तो इतका वेळ उभा राहिला होता की हातातली कुल्फी कोपरापर्यंत वितळली. साटमांनी त्याला आत सोडलं नव्हतं. त्या दिवशी कारण बरोबर होतं, कारण आत मुंगी शिरायला जागा नव्हती. पण बरोबर असणं आणि पोराचा चेहरा बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महालाचा मालक कळव्याचा निघाला. गोमाजी त्याचं नाव. पूर्वी मंडप भाड्याने द्यायचा, मग बंदरावरच्या कुठल्याशा लिलावात हा महाल त्याला मिळाला. साटम मोरूला घेऊन त्याच्याकडे गेले आणि रीतसर प्रश्न विचारू लागले.

"यात एका वेळी किती मुलं सोडायची?"

"जवरी मावतील तवरी," गोमाजी म्हणाला.

"कुठेतरी लिहिलेलं असेल ना?"

"लिवलाय ना. बगा." गोमाजीने महालाच्या पोटावरची पट्टी दाखवली. अक्षरं कुठल्या देशाची होती ते त्या देशालाच ठाऊक. "वाचता आला तर मना पन सांगा."

"वारा सुटला तर?"

"सायेब, तुमी टेन्शन घेव नका. पोरा नाचतान, हसतान, घरा जातान. आजपरत काय झाला नाय."

'आजपर्यंत काही झालं नाही' हे वाक्य कारखान्यात ऐकलं की साटम ताबडतोब खुर्चीवरून उठत, कारण त्यानंतर बहुधा काहीतरी व्हायचं. इथेही ते उठले. पण दारात मोरू उभा होता आणि त्याने दोन्ही हातांनी चड्डी धरून ठेवली होती, आनंद फार झाला की तो तसं करायचा. साटम पुन्हा बसले. "रविवार पक्का," ते म्हणाले.

आता सोसायटी. मधुमालतीचे चेअरमन खांबेटे निवृत्त होते आणि निवृत्त माणसाचा सगळा उत्साह त्यांनी इमारतीवर खर्च करायला घेतला होता. मीटरच्या खोलीची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत. संध्याकाळी पाण्याचा पंप सुरू करणं हे काम त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते अक्षता टाकून पंपाकडे धावले होते, असं इमारतीत सांगत.

"हा महाल म्हणजे नक्की काय?" खांबेट्यांनी सभेत विचारलं. "बांधकाम असेल तर महापालिकेची परवानगी आणा. वाहन असेल तर पार्किंगचा ठराव दाखवा. मंडप म्हणाल तर मंडप फक्त गणपतीत."

यावर दीड तास चर्चा झाली. तळमजल्यावरच्या एकांचं म्हणणं पडलं की ज्याला दार आहे ते बांधकाम. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी तंबूलाही दार असतं हे दाखवून दिलं. एकांनी आपण लष्करात असताना तंबूत कसे राहिलो ते सांगितलं आणि त्यात अर्धा तास गेला, तरी महाल होता तिथेच होता. शेवटी तुळसा मागून म्हणाली, "पाहुणा म्हणा ना. एका दिवसासाठी येणार आणि जाणार. पाहुण्याला कधीपासून परवानगी लागते?"

ही बाब कुठल्याच नियमात नव्हती, त्यामुळे ती मंजूर झाली. "पण पाहुणा दिवे लागायच्या आत गेला पाहिजे," खांबेटे म्हणाले, "आणि फरशीला एक छिद्र पडता कामा नये."

खरी अडचण या छिद्रातच होती. महालाच्या दोऱ्या जमिनीत खुंट्या ठोकून बांधायच्या असतात. मधुमालतीच्या अंगणात मात्र नुकतीच शहाबादी फरशी बसवलेली. रविवारी सकाळी गोमाजी महालाची वळकटी आणि हवा भरायचा पंखा टाकून हातात खुंट्या घेऊन उभा राहिला, तेव्हा खांबेटे फरशीवर आडवे व्हायच्या बेतात होते.

"नाय बांधला तरी चालल," गोमाजी म्हणाला. "पोरांचाच वजन हाय ना."

"चालणार नाही!" साटम ओरडले. "वारा आत शिरला तर पोरांसकट उचलेल. बांधल्याशिवाय एक मूल आत जाणार नाही."

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. माझ्या स्कूटरला बांधा. फाटकाला बांधा. नारळाला बांधा, मात्र खाली कुणी उभं राहू नका. साटम घड्याळ बघत होते. मोरू पायरीवर बसून प्रत्येक सल्ल्याबरोबर एकदा महालाच्या वळकटीकडे आणि एकदा बाबांकडे बघत होता. आता बाबा 'रद्द' म्हणतात की काय, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि साटमांना ते बघवेना.

"जिन्याखाली पाटे आहेत की," तुळसा म्हणाली.

सगळे जिन्याकडे वळले. मधुमालतीत आलेल्या प्रत्येक घराने कोकणातून नाहीतर देशावरून येताना आपला पाटा-वरवंटा आणला होता. मग मिक्सर आले. पाटा वापरात नाही, पण सासूच्या हातचा पाटा टाकवतही नाही. म्हणून एकेक करून सगळे जिन्याखाली जाऊन बसले होते. शिवाय दळणाची दोन जातीही होती. इमारतीतलं एवढं वजन एका जागी पडून होतं आणि आजवर कुणाला सुचलं नव्हतं! साटमांना आनंदाने बायकोला मिठी मारावीशी वाटली, पण अंगणात चेअरमन होते.

पाटे बाहेर काढले मात्र, अख्खी इमारत खाली उतरली. बोरनहाणाला यावं की न यावं, गेल्या वर्षीसारखं पोरांना रडवतील की काय, या विचारात असलेल्या बाया पाटा म्हटल्यावर लाटणं हातात घेऊनच आल्या. "अगोबाई, माझ्या सासूबाईंचा हा! कोपऱ्यात का ठेवलाय?" "टाकी लावून आणलाय हो तो, दोरी घासेल त्याला." "त्यांचा पाटा पुढे आणि आमचा मागे, हे बरं दिसतं का?" साटमांनी प्रत्येक दोरीला पाटे आडवे-उभे जखडले, गाठी स्वतः ओढून पाहिल्या, कुणाची पोरं आपटू नयेत म्हणून वर जुन्या गोधड्या टाकल्या आणि मान-अपमानाच्या दृष्टीने सगळे पाटे पुढेच आहेत, फक्त काही वेगळ्या दिशेला पुढे आहेत, असं बायकांना पटवलं.

पंखा सुरू झाला. वळकटीने एक सुस्कारा टाकला, एक बुरुज झोकांड्या खात उठला, मग दुसरा, आणि बघता बघता लाल-पिवळा महाल पहिल्या मजल्याच्या गॅलरीला भिडला. पोरांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. साटमांनाही आरोळी ठोकावीशी वाटली. पण त्यांनी शिट्टी वाजवली.

"पंखा थांबला तर महाल बसणार," ते म्हणाले. "म्हणून आधी सराव. लांब शिट्टी वाजली की उड्या बंद. बसा! सरका! उतरा! ढुंगणावर सरकत दाराकडे यायचं. उभं राहायचं नाही, ढकलायचं नाही, बोलायचं नाही. आणि सगळे उतरल्यावर शेवटी जबाबदार माणूस उतरणार."

"जबाबदार म्हणजे?" मोरूने विचारलं.

"म्हणजे ज्याचा कार्यक्रम आहे तो," साटम घाईत म्हणाले, कारण तेवढ्यात तळमजल्यावरचा धाकू चपला घालून चढत होता. धाकू म्हणजे सोसायटीतल्या पोरांचा पुढारी. तो जिथे थांबेल तिथे सगळी थांबत आणि गेल्या वर्षी पहिला तोच उठून गेला होता.

तुळसाने डोळे मिटून घेतले. झालं, आता पोरं जाणार. पण झालं उलटंच. शिट्टी वाजली, धाकू ढुंगणावर सरकत आला, रबरावरून घसरत दाराखाली टाकलेल्या गाद्यांवर पडला आणि म्हणाला, "काका, परत!" सराव दोनदा झाला, तीनदा झाला. उड्यांपेक्षा पोरांना उतरण्यातच जास्त मजा येऊ लागली. खुर्च्या टाकून बसलेली मोठी माणसं मात्र पोट धरून हसत होती. "साटम, आम्हालाही शिकवा हो सरकायला," असं खांबेटे म्हणाले आणि अंगण पुन्हा हसलं. साटमांचे कान लाल झाले. तरी त्यांनी पोरांच्या केसांतल्या पिना काढल्या, खिशातले गोट्या-भोवरे एका ताटात जमा केले, लहानांची आणि मोठ्यांची तुकडी वेगळी केली, आणि एकेका तुकडीला सोडायला सुरुवात केली.

काय ती दुपार! पोरं उडत होती, आपटत होती, हसून हसून लोळत होती. मोरू हलव्याच्या मुकुटासकट उडत होता आणि मुकुटातले पांढरे दाणे चारी बाजूंना उडत होते. धाकूने त्याचा हात धरला होता. साटम दाराशी उभे राहून ते बघत होते आणि त्यांचं मन इतकं भरून आलं की एकदा शिट्टी वाजवायचीच राहिली.

एवढ्यात कल्याणहून रंगूआत्या आली. रंगूआत्याने परशुरामाला लहानाचं मोठं केलं होतं आणि लहानपणी हा पोर विहिरीकडे जाईल म्हणून त्याला खांबाला बांधून ठेवत असे, तेव्हा तो असा का झाला याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. तिच्या पिशवीत बोरं, करवे, चुरमुरे असं सगळं होतं.

"बोरनहाण खाली पाटावर," साटम म्हणाले. "आत खाऊ न्यायचा नाही. उड्या मारताना घशात अडकतं."

"अरे परश्या, बाळकृष्ण महालात बसलाय आणि त्याला नहाण काय अंगणात घालू? उड्या थांबव की घटकाभर!" आत्याने काष्टा आवरला आणि ती चढली. तिला अडवायची हिंमत साटमांमध्ये नव्हती. पुतण्याला खांबाला बांधून ठेवलेल्या बाईपुढे सुरक्षा विभाग तो काय टिकणार. त्यांनी उड्या मात्र थांबवल्या आणि सगळ्यांना आत गोल बसवलं.

इकडे पाण्याची वेळ झाली. खांबेटे रोजच्या सवयीने उठले, मीटरच्या खोलीत गेले, पंप चालू केला, हात झटकत बाहेर आले आणि म्हणाले, "चेअरमन म्हणून एकदा आतून तपासणी केली पाहिजे." साटमांचा "मोठ्यांना बंदी आहे" हा शब्द पुरा होण्याआधी ते आत पोहोचलेसुद्धा, आणि कुणी बघत नाही असं समजून त्यांनी एक लहानशी उडी मारली. मग एक मोठी मारली. चेहऱ्यावर असं हसू आलं की ते त्यांच्या बायकोनेही कधी पाहिलं नसावं.

साटमांनी दोऱ्या तपासल्या होत्या, पिना तपासल्या होत्या, वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीवरून नेली होती. पण त्या वायरचं दुसरं टोक पंपाच्याच फ्यूजवर आहे, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मीटरच्या खोलीत ठप्प असा आवाज झाला आणि पंखा थांबला.

बुरुजाने मान टाकली. साटमांचा हात शिट्टीकडे गेलाच होता. लांब शिट्टी! आणि जे झालं ते बघून अंगणातलं हसू तोंडातच राहिलं. पोरं एका क्षणात बसली, सरकली, उतरली. ना कुणी ढकललं, ना कुणी ओरडलं. धाकू शेवटून दुसरा आला आणि बाकीच्यांना ओळीत उभं करून डोकी मोजू लागला.

"काका, मोरू नाही!"

छप्पर खाली आलं होतं. साटमांनी आयुष्यात पहिल्यांदा पुढे न बघता धाव घेतली, गोधडीखालच्या पाट्यावर पायाचा अंगठा आपटला आणि कळ मस्तकात गेलेली असतानाच ते त्या लाल कापडाखाली शिरले. "मोरू!" ते ओरडले. हवा अजून फुसफुसत होती. कापड पाठीवर लोळत होतं. आतला उजेड लाल झाला होता आणि त्या उजेडात कुठूनतरी खांबेट्यांचा आवाज येत होता.

"पंखा कोणी बंद केला? मी विचारतोय, कोणाच्या परवानगीने बंद केला?" खांबेटे उभे राहायला बघत होते आणि दर वेळी छप्पर त्यांना खाली बसवत होतं. आत्या बोरांची पिशवी छातीशी धरून देवाचं नाव घेत होती.

"खांबेटे आजोबा, बोलायचं नाही," एक बारीक पण ठाम आवाज आला. "उभं राहायचं नाही. आधी बसा. आता सरका. आत्याआजी, तू माझ्या मागून ये. अशी नाही, ढुंगणावर!"

साटम वाकून उभे होते तिथेच थांबले. डोक्यावर अर्धा मुकुट, हातात हलव्याची बासरी, आणि त्या बासरीने मोरू चेअरमनना दाराची दिशा दाखवत होता. खांबेटे मुकाट्याने सरकू लागले.

"तू का नाही उतरलास रे?" साटमांनी विचारलं.

"माझा कार्यक्रम आहे ना?" मोरू म्हणाला. "मी जबाबदार आहे. बाबा, तुम्ही उभे आहात. बसा."

साटम बसले. चेअरमन, आत्या, सुरक्षा विभाग आणि शेवटी मोरू अशी ती वरात ढुंगणावर सरकत बाहेर आली, तेव्हा पोरांनी टाळ्यांनी अंगण डोक्यावर घेतलं. साटमांनी पोराला उचलून इतकं घट्ट धरलं की उरलेला मुकुट त्यांच्या शर्टावर फुटला. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

फ्यूजची तार बदलली, पंप बंद ठेवला आणि महाल पुन्हा उठला. खांबेटे पंपाविषयी त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत. आत्याने बोरनहाण खाली पाटावर घातलं, आणि पोरं बोरांवर अशी तुटून पडली की मोरू कुठे आहे तेच दिसेना. दिवे लागायच्या आत पाहुणा गेला. पाटे मात्र कुणाचा कोणता यावरून रात्रीच्या जेवणापर्यंत अंगणातच होते.

"बगा सायेब," गोमाजी वळकटी बांधताना म्हणाला, "बोललो व्हतो ना, काय होत नाय."

साटमांनी त्याला पट्टी बांधलेला अंगठा दाखवला. त्या दिवशी इजा झालेली एकमेव व्यक्ती म्हणजे ते स्वतः. कारखान्यात दुसऱ्या दिवशी ते लंगडत गेले तेव्हा लोकांनी कारण विचारलं, आणि "घरात पाट्याला ठेच लागली" एवढंच सांगून ते आपल्या खुर्चीत बसले. सुरक्षा विभागाच्या माणसाने यापेक्षा जास्त काय सांगायचं?

संध्याकाळी ते पाय वर करून बसले असताना बेल वाजली. मोरूने धावत जाऊन दार उघडलं. दारात धाकू होता आणि त्याच्या मागे जिनाभर पोरं होती.

"ये रे," तुळसा हसून म्हणाली. "मोरूला खेळायला बोलवायला आलात ना?"

"मोरू तर येईलच हो काकू," धाकू म्हणाला. "आम्ही खाली गाद्या टाकून महाल केलाय. पण शिट्टी कोण वाजवणार? काकांना पाठवा."

साटमांनी तुळसाकडे पाहिलं. तुळसाने खुंटीवरची शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. ते एका पायावर उठेपर्यंत मोरूला धीर निघेना. त्याने एका हाताने चड्डी धरली, दुसऱ्याने बाबांचा हात ओढला.

"बाबा, चला ना लवकर," तो म्हणाला. "सगळे थांबलेत."